वारा सर्वांचा, पवनचक्की कुणाची?

सूर्याच्या उष्णतेने जमीन तापते, जमिनीलगतची हवा तापून वर जाते, तिची जागा घेण्यासाठी दुसरीकडची थंड हवा धावत येते आणि वारा वाहू लागतो, हे तुम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचले असेल. हा वारा कुणाच्याही बांधाला जुमानत नाही. शेतजमिनीचा सातबारा असतो, विहिरीच्या पाण्यावर हक्क असतो. वाऱ्यावर मात्र कुणाचेच नाव लागलेले नसते. परंतु या वाऱ्यापासून वीज मिळवायची म्हटली की यंत्र लागते, आणि यंत्राला पैसा लागतो. मग ते यंत्र कुणी उभारायचे, त्याच्या विजेचे पैसे कुणी घ्यायचे आणि त्याची घरघर कुणी ऐकायची, असे प्रश्न उभे राहतात.

वाऱ्यापासून वीज कशी होते, हा प्रश्न भौतिकशास्त्राचा. ती कुणाची, हा प्रश्न समाजाचा. आपण सहसा हे दोन प्रश्न दोन वेगळ्या तासांना शिकतो. उत्तर युरोपातील डेन्मार्क या देशाने ते एकत्र सोडवण्याचा प्रयत्न केला. तो कसा झाला, कुठे साधला आणि कुठे अडला, ते या लेखात पाहू. त्यासाठी आधी थोडे गणित करू.

वाऱ्यात शक्ती किती?

वाऱ्याच्या वाटेत एक मोठे गोल कडे उभे केले आहे अशी कल्पना करा. कड्याच्या आतील क्षेत्रफळ 'क्ष' चौरस मीटर आणि वाऱ्याचा वेग दर सेकंदाला 'व' मीटर आहे असे धरू. एका सेकंदात त्या कड्यातून 'व' मीटर लांबीचा हवेचा दंडगोल पार होईल. त्याचे घनफळ क्ष × व घनमीटर. एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ किलोग्रॅम असते. तेव्हा दर सेकंदाला १.२ × क्ष × व किलोग्रॅम हवा कड्यातून जाते. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाची निमपट गुणिले वेगाचा वर्ग, हे तुम्हांला ठाऊक आहे. म्हणून दर सेकंदाला जाणारी ऊर्जा, म्हणजेच शक्ती, अशी येते :

शक्ती (वॉट) = १/२ × १.२ × क्ष × व × व × व

या सूत्रात वेग तीन वेळा आला आहे, हे नीट पाहा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर शक्ती दुप्पट होत नाही, चौपटही होत नाही. ती आठपट होते. एक उदाहरण घेऊ. ज्या पवनचक्कीची पाती ७६ मीटर व्यासाचे वर्तुळ आखतात, तिचे क्षेत्रफळ सुमारे ४,५३६ चौरस मीटर आहे. वाऱ्याचा वेग सेकंदाला ४ मीटर असेल तर त्या वर्तुळातून १७४ किलोवॉट शक्ती वाहते. वेग ८ मीटर झाला की तीच शक्ती सुमारे १,३९० किलोवॉट होते.

ही सगळी शक्ती मात्र आपल्या हाती येत नाही. पात्यांनी वाऱ्याची सर्व ऊर्जा काढून घेतली, तर हवा पात्यांच्या मागे जागच्या जागी थांबेल आणि मागून येणाऱ्या हवेची वाटच बंद होईल. तेव्हा थोडा वेग हवेकडे ठेवावाच लागतो. जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बेट्झ यांनी गणिताने दाखवून दिले की, वाऱ्यातील शक्तीचा जास्तीत जास्त १६/२७ भाग, म्हणजे ५९.३ टक्के, मिळू शकतो. प्रत्यक्षात चांगली चक्की ४० ते ४५ टक्के शक्ती घेते. म्हणजे वरच्या उदाहरणात ८ मीटर वेगाच्या वाऱ्यात ६०० किलोवॉटच्या आसपास वीज मिळेल.

या सूत्रातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला, जिथे वारा जोरदार तिथेच चक्की उभारावी. वेगातला थोडासा फरकही उत्पन्नात मोठा फरक पाडतो. दुसरा, वर्तुळाचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि जमिनीपासून जितके उंच जावे तितका वारा वेगवान असतो. म्हणून चक्की जितकी मोठी आणि उंच, तितकी ती फायद्याची. हा दुसरा निष्कर्ष ध्यानात ठेवा. तो निसर्गाचा नियम आहे, पण पुढे त्यानेच माणसांपुढे पेच उभा केला.

खेड्यासाठी वीज

डेन्मार्कचे क्षेत्रफळ सुमारे ४३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एकसप्तमांश. लोकसंख्या ६० लाखांच्या आसपास. देश इतका सपाट की सर्वांत उंच जागाही समुद्रसपाटीपासून १७१ मीटरच्या वर जात नाही. पश्चिमेकडील उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला डोंगर नाहीत. दळणाच्या पवनचक्क्या तिथे शेकडो वर्षे होत्या.

या देशात १८८२ साली जटलंड भागातील येडिंग नावाच्या गावी शेतकऱ्यांनी एक सहकारी दूधसंस्था काढली. दुधातून मलई वेगळी करणारे फिरते अपकेंद्री यंत्र त्या काळी नुकतेच आले होते. ते एकट्या शेतकऱ्याला परवडत नव्हते, म्हणून अनेकांनी मिळून ते घेतले. कुणाच्या गाई दोन असोत की वीस, सभेत प्रत्येकाला मत एकच. आपल्याकडे सहकारी दूध सोसायट्या आणि साखर कारखाने आहेत, त्यामुळे ही कल्पना तुम्हांला नवी वाटणार नाही. यंत्र एकट्याच्या आवाक्याबाहेर गेले तर ते मिळून घ्यावे, ही सवय डॅनिश खेड्यांना अशी जुनी आहे.

त्याच भागातील आस्कोव्ह येथे एक लोकविद्यालय होते. शेतकऱ्यांची तरुण मुले तेथे काही महिने राहून शिकत; परीक्षा नसे. या विद्यालयात पॉल ला कूर (१८४६-१९०८) हे भौतिकशास्त्राचे शिक्षक होते. पूर्वी ते देशाच्या हवामान संस्थेत अधिकारी होते. शहरांत विजेचे दिवे लागू लागले होते आणि खेडी अंधारात होती. वीज शहरापुरतीच राहिली तर कामधंदा आणि माणसे शहराकडे ओढली जातील आणि खेडी ओस पडतील, अशी चिंता ला कूर यांना होती.

त्यांनी १८९१ साली सरकारी मदतीने आस्कोव्हला एक प्रायोगिक पवनचक्की उभारली आणि तिला जनित्र जोडले. पहिली अडचण अशी की, वारा असतो तेव्हा दिवे नको असतात आणि दिवे हवे असतात तेव्हा वारा नसतो. ला कूर यांनी त्या विजेने पाण्याचे अपघटन केले, निघालेले हायड्रोजन व ऑक्सिजन हे वायू टाक्यांत साठवले आणि ते जाळून शाळेत उजेड केला. हायड्रोजनमध्ये चुकून ऑक्सिजन मिसळला की स्फोट होई, आणि शाळेच्या खिडक्यांच्या काचा पुन्हा बसवाव्या लागत!

पुढे त्यांनी वाताच्या बोगद्यात पात्यांचे प्रयोग केले. वीज निर्माण करण्यासाठी पुष्कळ आणि सावकाश फिरणाऱ्या पात्यांपेक्षा थोडी आणि वेगाने फिरणारी पाती अधिक चांगली, असे त्यांना आढळले. आजच्या चक्क्यांना तीनच पाती का असतात, याचे मूळ येथे आहे. परंतु ला कूर यंत्रावर थांबले नाहीत. १९०३ साली त्यांच्या पुढाकाराने डॅनिश पवनवीज संघ स्थापन झाला, आणि खेड्यांतील तरुणांना वीजतंत्री करण्याचे वर्ग आस्कोव्हला चालले. गावची वीज गावच्याच माणसाने सांभाळावी, असा त्यामागचा विचार होता. १९१८ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये सुमारे १२० स्थानिक वीजकेंद्रांत पवनचक्क्या चालत होत्या.

साधे यंत्र, उघडी वही

या वर्गात १९०४ साली योहानेस यूल नावाचा एक विद्यार्थी होता. पुढे वीज कंपनीत अभियंता झालेल्या यूल यांनी १९५७ साली देशाच्या दक्षिण टोकाजवळ गेडसर येथे २०० किलोवॉटची चक्की उभी केली. तिला तीन पाती होती आणि ती २४ मीटर व्यासाचे वर्तुळ आखत. तिची मोठी खुबी म्हणजे तिचा साधेपणा. वादळात चक्की बेफाम फिरू नये म्हणून पाती वळवणारी गुंतागुंतीची यंत्रणा तिच्यात नव्हती. पात्यांचा आकारच असा की, वारा फार वाढला की पात्याच्या पाठीवरून सरळ जाणारा हवेचा प्रवाह सुटून त्यात भोवरे पडत आणि पात्यावरचे उचल बल आपोआप घटे. शिवाय आणीबाणीसाठी पात्यांच्या टोकांना हवेचे ब्रेक होते. ही चक्की १९६७ पर्यंत फारशी दुरुस्ती न लागता चालली. मग खनिज तेलाची वीज स्वस्त पडते म्हणून ती थांबवण्यात आली.

१९७३ साली पश्चिम आशियातील युद्धानंतर तेलाचे भाव भडकले. डेन्मार्कची सुमारे ९० टक्के ऊर्जा तेव्हा आयात तेलातून येत होती. देशाला धक्काच बसला; काही काळ रविवारी मोटारी चालवण्यावर बंदी आली. सरकार आणि वीज कंपन्या अणुवीज केंद्रांची योजना आखू लागल्या. ती नको म्हणणारी लोकांची मोठी चळवळ उभी राहिली. अखेर १९८५ साली डॅनिश संसदेने अणुवीज देशाच्या ऊर्जायोजनेतून वगळली. परंतु 'अणुवीज नको' म्हणणाऱ्यांना 'मग काय हवे?' याचेही उत्तर देणे भाग होते.

ते उत्तर कारखान्यांपेक्षा आधी सुतार, लोहार आणि शिक्षकांकडून आले. क्रिस्टिअन रीसागर नावाच्या सुताराने गेडसरचा नमुना डोळ्यांसमोर ठेवून २२ किलोवॉटची छोटी चक्की बनवली आणि ती सरळ गावच्या वीजतारांना जोडली. पश्चिम जटलंडमध्ये ट्विंड येथील शाळांच्या शिक्षक-विद्यार्थ्यांनी व स्वयंसेवकांनी १९७५ ते १९७८ या काळात ५४ मीटर व्यासाची प्रचंड चक्की स्वतः उभारली. अमेरिकेच्या नासा संस्थेला मोजमापे हवी होती, म्हणून गेडसरची जुनी चक्कीही दुरुस्त करून पुन्हा फिरवण्यात आली.

१९७८ साली चक्कीमालकांनी आपला संघ स्थापन केला. कुणाच्या चक्कीने महिन्यात किती युनिट वीज दिली आणि कोणत्या बनावटीत काय बिघडले, हे त्या संघाच्या मासिकात छापले जाई. कारखानदाराला दोष लपवता येत नसे आणि नव्या ग्राहकाला फसण्याची भीती कमी होई. प्रयोगाच्या वहीत तुम्ही चुकलेले वाचनही लिहिता ना? तसेच हे. त्याच वर्षी रीसो येथील प्रयोगशाळेत चक्क्या तपासण्याचे केंद्र सुरू झाले. १९७९ पासून तेथे मान्यता मिळालेल्या चक्कीच्या किमतीचा ३० टक्के भाग सरकार देऊ लागले. ही मदत पुढे टप्प्याटप्प्याने कमी करत १९८९ साली बंद केली.

याच काळात शेजारच्या जर्मनीने दुसरा मार्ग धरला. १९८३ साली तेथे ग्रोवियान नावाची १०० मीटर व्यासाची, ३,००० किलोवॉटची चक्की एकदम बांधली गेली. आपल्या सूत्राप्रमाणे हिशेब बरोबरच होता. पण इतक्या मोठ्या सांगाड्यावर पडणारे ताण पेलण्याचा अनुभव कुणालाच नव्हता. ती फार थोडे तास चालली आणि १९८८ साली उतरवली गेली. डेन्मार्कची यंत्रे २२ किलोवॉट, ५५ किलोवॉट अशी पायरीपायरीने वाढली, आणि प्रत्येक पायरीवर वापरणाऱ्यांचा अनुभव बनवणाऱ्यांच्या कानी गेला.

एक शेअर म्हणजे हजार युनिट

५५ किलोवॉटची चक्कीही एका कुटुंबाला महागच होती. तेव्हा येडिंगच्या दूधसंस्थेची जुनी युक्ती कामी आली. गावातील वीस-पन्नास कुटुंबे मिळून एक चक्की घेऊ लागली. चक्कीच्या वर्षाच्या अपेक्षित उत्पादनाचे हजार-हजार युनिटांचे भाग पाडत आणि असा एक भाग म्हणजे एक शेअर. वीज कंपनीने ही वीज ठरलेल्या दराने विकत घेतली पाहिजे, अशी व्यवस्था झाली. वर्षाअखेर देखभालीचा खर्च वजा करून उरलेले पैसे शेअरप्रमाणे वाटायचे.

यात दोन अटी महत्त्वाच्या होत्या. सभासद चक्कीच्या परिसरातच राहणारा हवा. आणि एका कुटुंबाने किती शेअर घ्यावेत याची मर्यादा त्याच्या स्वतःच्या वीजवापराशी बांधलेली. दूरच्या शहरातील श्रीमंताने गावचा वारा विकत घेऊ नये, हा त्यामागचा हेतू. ज्याला पाती दिसतात आणि ज्याला घरघर ऐकू येते, त्यालाच उत्पन्नाचा वाटा, असा हा सरळ न्याय होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीपर्यंत डेन्मार्कमधील १ लाखाहून अधिक कुटुंबे अशा रीतीने चक्क्यांची भागीदार झाली होती. पुढे चक्क्या मोठ्या झाल्या तशा या अटी हळूहळू सैल होत गेल्या.

राजधानी कोपनहेगनच्या बंदराबाहेर, किनाऱ्यापासून सुमारे साडेतीन किलोमीटरवर, समुद्रातील मिडलग्रुंडेन या उथळ जागी २००० साली २० चक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येक २,००० किलोवॉटची आणि ७६ मीटर व्यासाची. म्हणजे आपण वर घेतलेले उदाहरण हेच. त्यांतील १० चक्क्या शहराच्या वीज कंपनीच्या आणि १० एका सहकारी संस्थेच्या. संस्थेने ४०,५०० शेअर काढले. एका शेअरची किंमत ४,२५० क्रोनर, आणि त्यामागे वर्षाला १,००० युनिट वीज अपेक्षित. साडेआठ हजारांहून अधिक लोकांनी हे शेअर घेतले. संस्थेने कर्ज काढायचे नाही असा नियम ठेवला, म्हणजे एखाद्या वर्षी तोटा झाला तरी सभासदांच्या घरावर टाच येऊ नये.

आता संस्थेचे आकडे आपण तपासू. १० चक्क्या वर्षभर, म्हणजे ८,७६० तास, पूर्ण शक्तीने चालल्या असत्या तर

१० × २,००० × ८,७६० = १७,५२,००,००० युनिट

वीज झाली असती. शेअरप्रमाणे अपेक्षित वीज ४०,५०० × १,००० = ४,०५,००,००० युनिट. भागाकार केला तर सुमारे २३ टक्के येतात. म्हणजे संस्थेने पूर्ण क्षमतेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी वीज धरली होती. हा घनाच्या नियमाचा परिणाम आहे. वारा निम्मा झाला की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते, आणि वर्षातले बरेच तास वारा मध्यमच असतो. हा साधा गुणाकार सभासदाला समजत होता, म्हणून भलत्या आशेने कुणी पैसे गुंतवण्याचे कारण नव्हते.

पहिल्या आराखड्यात तीन रांगांत २७ चक्क्या होत्या. जाहीर सुनावणीत लोकांनी हरकती घेतल्या. तेव्हा आराखडा बदलून एकाच वक्र रांगेत २० चक्क्या बसवण्यात आल्या. लोकांचे ऐकले तर काम अडते असे म्हणतात. येथे काम बदलले, आणि पुरेही झाले.

साम्सो बेटाची गोष्ट

साम्सो हे डेन्मार्कचे सुमारे ११४ चौरस किलोमीटरचे बेट. १९९७ साली बेटाची लोकवस्ती ४,००० च्या आसपास होती. धंदा मुख्यतः शेती. त्या वर्षी सरकारने एक स्पर्धा घेतली : कोणते बेट आपली सारी ऊर्जा नूतनीकरणक्षम साधनांतून मिळवू शकेल? साम्सोचा आराखडा निवडला गेला. निवड झाली तरी सरकारकडून पैशांची थैली मिळाली नव्हती. लोकांनीच ते करायचे होते. बेटावरचेच एक शेतकरीपुत्र आणि शिक्षक सोरेन हर्मान्सन यांनी हे काम हाती घेतले. सभांमागून सभा झाल्या. लोकांचे प्रश्न साधे होते : खर्च किती, परत कधी मिळणार, आणि माझ्या घराला काय?

२००० साली बेटावर १,००० किलोवॉटच्या ११ चक्क्या उभ्या राहिल्या. त्यांतील ९ शेतकऱ्यांनी घेतल्या आणि २ लहान भागधारकांच्या सहकारी संस्थांनी. बेटाच्या वर्षभराच्या विजेची गरज त्यांनी भागली. परंतु मोटारी, ट्रॅक्टर आणि बोटी तेलावरच चालत होत्या. त्याची भरपाई म्हणून २००३ पर्यंत समुद्रात २,३०० किलोवॉटच्या १० चक्क्या उभारून जास्तीची वीज मुख्य भूमीला देण्यात आली. या दहांपैकी ५ चक्क्या नगरपालिकेने घेतल्या. ही गोष्ट लहान वाटली तरी मोलाची आहे. शेअर घ्यायला ज्याच्याजवळ पैसेच नाहीत, त्याचाही वाटा नगरपालिकेमार्फत त्यात आला.

उष्णतेचीही अशीच सोय झाली. थंड देशात घरे ऊबदार ठेवायला विजेपेक्षा जास्त ऊर्जा लागते. पूर्वी घरोघरी तेलाच्या भट्ट्या होत्या. आता गावात एक मोठी भट्टी, तिच्यात शेतातील गव्हाचे काड जाळायचे, त्यावर पाणी तापवायचे आणि ते उष्णतारोधक वेष्टनाच्या नळांतून जमिनीखालून घरोघरी खेळवायचे, अशी योजना झाली. अशा सामाईक उष्णता योजनेने नफा कमवायचा नाही, खर्चाइतकेच पैसे घ्यायचे, असा डेन्मार्कमध्ये नियम आहे. गावात नळ एकाच संस्थेचे असल्याने ग्राहकाला दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून हा नियम.

एक गोष्ट येथे स्पष्ट केली पाहिजे. साम्सो बेट जगापासून तुटलेले नाही. समुद्राखालच्या तारेने ते मुख्य भूमीला जोडलेले आहे. वारा पडला की वीज बाहेरून येते आणि वारा वाढला की बाहेर जाते. वर्षाअखेर जमाखर्च जुळतो, दर तासाला जुळत नाही. सगळ्या डेन्मार्कचेही तसेच आहे. अलीकडच्या वर्षांत त्या देशात निर्माण होणाऱ्या विजेतील निम्म्याहून अधिक वीज वाऱ्यापासून मिळते. पण वारा नसताना नॉर्वे आणि स्वीडनमधील धरणांची वीज मदतीला येते. वारा भरपूर असला की हे देश धरणातले पाणी राखून ठेवतात आणि डेन्मार्कची वीज घेतात. शेजाऱ्याचे धरण येथे बॅटरीचे काम करते.

यंत्र वाढले, मालक दुरावले

आता पहिल्या विभागातला दुसरा निष्कर्ष आठवा : चक्की जितकी मोठी, तितकी फायद्याची. १९८० च्या दशकारंभी ५५ किलोवॉटच्या चक्कीचा व्यास सुमारे १५ मीटर होता. आज समुद्रात बसवण्यासाठी २३६ मीटर व्यासाच्या, १५,००० किलोवॉटच्या चक्क्या बनतात. युनिटमागे खर्च उतरला, हे खरेच. परंतु अशी एक चक्कीही गावातल्या पन्नास कुटुंबांना मिळून घेता येत नाही. १९९९ नंतर वीजदराचे नियमही बदलले आणि ठरलेल्या दराची खात्री कमी झाली. जुन्या लहान चक्क्या उतरवून त्यांच्या जागी थोड्या, मोठ्या चक्क्या आल्या. नवे मालक बहुधा मोठ्या कंपन्या होत्या.

याचा परिणाम लवकरच दिसला. पूर्वी चक्की आपली होती. घरघर ऐकू आली की काही पैसे जमा होत आहेत असे वाटे. आता घरघर आपल्याला आणि पैसे दुसऱ्याला. नव्या चक्क्यांना खेड्यांतून विरोध होऊ लागला. ज्या देशाने जगाला पवनवीज शिकवली, तिथेच जमिनीवर चक्की उभारणे अवघड झाले. तेव्हा २००९ साली कायदा करून नव्या प्रकल्पातील किमान २० टक्के शेअर प्रथम जवळच्या रहिवाशांना देऊ करण्याचे बंधन घातले. तेही फारसे जमले नाही. ज्यांच्याजवळ शिल्लक होती त्यांनी शेअर घेतले, ज्यांच्याजवळ नव्हती ते तसेच राहिले. २०२० साली ही तरतूद काढून त्याऐवजी जवळच्या घरांना दरवर्षी थेट मोबदला देण्याची पद्धत आली. मोबदला सर्वांना मिळतो हे चांगले. पण मोबदला घेणारा माणूस मालक नसतो, त्याला सभेत मत नसते. २०१८ साली युरोपीय संघाने आपल्या नव्या ऊर्जा निर्देशात 'ऊर्जा समुदायां'ना, म्हणजे स्थानिक लोकांच्या ऊर्जासंस्थांना, कायदेशीर स्थान दिले, त्यामागे हाच अनुभव होता.

वेगाचा घन आणि व्यासाचा वर्ग कुणालाही बदलता येणार नाही. मोठे यंत्र फायद्याचेच राहणार. शेअर किती रुपयांचा, तो कुणाला मिळणार, सभेत मत कसे मोजायचे, हिशेबाची वही उघडी ठेवायची की बंद, हे मात्र माणसे ठरवतात आणि माणसेच बदलू शकतात. येडिंगच्या शेतकऱ्यांनी ते अपकेंद्री यंत्रासाठी ठरवले, मिडलग्रुंडेनच्या सभासदांनी चक्कीसाठी. यंत्राचा आकार बदलला की व्यवस्था पुन्हा नव्याने बसवावी लागते, आणि डेन्मार्कला ते काम आजही पुरते साधलेले नाही.

स्वाध्याय

१. वाऱ्याचा वेग सेकंदाला ५ मीटरवरून ६ मीटर झाला तर शक्ती किती टक्क्यांनी वाढेल? (उत्तर : सुमारे ७३ टक्के.)

२. १५ मीटर आणि २३६ मीटर व्यासाच्या वर्तुळांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर काढा. मग ५५ किलोवॉट आणि १५,००० किलोवॉट यांचे गुणोत्तर काढा. दुसरे थोडे जास्त येते. त्याची कारणे कोणती असतील? (सूचना : उंचीचा विचार करा.)

३. मिडलग्रुंडेनच्या एका सभासदाकडे सरासरी किती शेअर होते? एका घराला वर्षाला ४,००० युनिट लागतात असे धरल्यास तेवढे शेअर त्याला पुरतील का?

४. तुमच्या जवळच्या दूध सोसायटीत किंवा साखर कारखान्यात जाऊन विचारा : एक शेअर किती रुपयांचा? जास्त शेअर असणाऱ्याला जास्त मते असतात का? वार्षिक हिशेब सभासदांना कुठे पाहायला मिळतो?

शिक्षकांसाठी : चौथ्या प्रश्नाची उत्तरे आल्यावर वर्गाचे दोन गट करावेत. गावाच्या टेकडीवर पवनचक्क्या येणार आहेत असे मानावे. एका गटाने कंपनीच्या मालकीची बाजू घ्यावी (पैसा लवकर उभा राहतो, नुकसानीची जोखीम गावावर नाही), दुसऱ्याने गावाच्या सहकारी मालकीची. दोन्ही गटांनी प्रथम वाऱ्याचे आणि युनिटांचे गणित फळ्यावर मांडावे, आणि मगच वादाला सुरुवात करावी.